एकशे सोळा ग्रॅमची इज्जत

लग्नाच्या मांडवात फोटोवाला आला हे लोकांना कॅमेऱ्यावरून कळत नाही, लेन्सवरून कळतं. कॅमेरा हल्ली कुणाकडेही असतो. पण मनगटाहून जाड नळकांडं, त्याच्या पुढे पाकळ्यापाकळ्यांचं हूड आणि ते पेलताना एका बाजूला कललेला खांदा, एवढं नजरेस पडलं की वरबाप तोंडातलं पान गालात सरकवतो आणि टोपी सारखी करतो. करवल्या ओळीत येतात. याउलट ज्याच्या कॅमेऱ्याच्या तोंडावर जेमतेम दोन बोटं जाडीची चकती आहे, त्याला कुणीतरी दंडाला धरून सांगतं, ‘भाऊ, जरा बाजूला व्हा, फोटोवाल्याला येऊ द्या.’ ही चकती म्हणजे मिररलेस कॅमेऱ्याबरोबर येणारी छोटी स्टँडर्ड झूम, धंद्याच्या भाषेत किट लेन्स. माझं म्हणणं असं की या लेन्समध्ये प्रकाशशास्त्राच्या हिशेबाने जेवढी खोट आहे, तिच्या कैक पट खोट समाजशास्त्राच्या हिशेबाने आहे; आणि ही दुसरी खोट हाच तिचा फोटो काढण्यातला सगळ्यांत मोठा गुण आहे. हे सिद्ध करायला मुंबई-पुण्याला जायचं कारण नाही. बालाघाट जिल्ह्यातली लांजी पुरेशी आहे.

लांजीच का, तर एकाच गावात इतक्या तऱ्हेचा पुरावा मिळणं कठीण. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावहून निघून राज्याची हद्द ओलांडली की थोड्याच वेळात हे गाव येतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अलीकडचा भंडारा जिल्हा (गोंदिया तेव्हा त्यातच होतं) आणि पलीकडचा बालाघाट हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात नांदत होते. मग राज्यं वेगळी झाली. सोयरिकी तशाच राहिल्या. त्यामुळे इथल्या लग्नात निम्मे पाहुणे महाराष्ट्रातले, निम्मे मध्य प्रदेशातले, आणि मांडवात मराठी, पोवारी, हिंदी अशा तिन्ही भाषा एका वेळी बोलल्या जातात. फोटोवाल्याला लोकांना तीन भाषांत हसवावं लागतं, आणि तिन्ही भाषांत ते सारखेच गंभीर राहतात. गावात जुना किल्ला आहे, लांजकाईचं देऊळ आहे, कोटेश्वर महादेवाचं प्राचीन दगडी मंदिर आहे, आसपास धानाच्या बांध्या आहेत आणि त्याच जिल्ह्यात कान्हाच्या जंगलाचा मोठा भाग येतो. म्हणजे उजेड, अंधार, गर्दी, दगड आणि वाघ, सगळ्या परीक्षा एकाच केंद्रावर.

आधी वजनाचा हिशेब उरकू. सोनीची २०१२ साली आलेली १६-५० मिमी पॉवर झूम ११६ ग्रॅम भरते आणि मिटलेली असताना तिची लांबी ३० मिलिमीटरही होत नाही. निकॉनची २०१९ची १६-५० अंगाने थोडी भरलेली, १३५ ग्रॅम. पॅनासोनिकची १२-३२ तर अवघी ७० ग्रॅम. दुसऱ्या पारड्यात सोनीचीच २४-७० एफ/२.८, तिची सुधारलेली आणि मुद्दाम हलकी केलेली आवृत्ती, ६९५ ग्रॅम. म्हणजे अशा सहा चकत्या एकत्र तोलल्या तर त्या मोठ्या लेन्सपेक्षा बरोबर एक ग्रॅम जास्त भरतात. कॅननची २८-७० एफ/२ घेतली तर ती १,४३० ग्रॅमची आहे. तिच्यासमोर पॅनासोनिकच्या वीस लेन्स ठेवल्या तरी तिचंच पारडं खाली. यावर जाणकार लगेच म्हणतील की तुलना चुकीची आहे, त्या मोठ्या लेन्स ३६ बाय २४ मिलिमीटरच्या पूर्ण सेन्सरसाठी आहेत आणि या छोट्या लहान सेन्सरसाठी. मान्य. पण पूर्ण सेन्सरसाठीचीच सोनीची २८-६० मिमी लेन्स १६७ ग्रॅमची आहे. तिच्या चार घेतल्या तरी ६९५चा आकडा गाठता येत नाही. तेव्हा सेन्सर लहान म्हणून लेन्स लहान, एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही.

छोटी लेन्स इतकी छोटी होऊ शकली, याचं एक कारण आरशात आहे. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्या मधोमध एक आरसा वरखाली उडत असे, आणि त्याला उडायला जागा लागे. कॅननच्या एसएलआरमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिलिमीटर, निकॉनच्या ४६.५. आता १६ मिलिमीटर फोकल लांबीच्या लेन्सने चाळीसहून जास्त मिलिमीटर लांब उभं राहून चित्र पाडायचं, तर पुढे प्रकाश पसरवणारी मोठी भिंगं बसवून ते अंतर कृत्रिमपणे वाढवावं लागतं. मिररलेसमध्ये आरसा गेला. सोनीचं अंतर १८ मिलिमीटरवर आलं, निकॉनचं १६ वर. भिंगं सेन्सरच्या अगदी जवळ सरकली आणि लेन्सचं पोट आत गेलं. त्यातही ही लेन्स काम नसताना स्वतःत मिटून बसते. काही प्रकारांत ती हाताने पिळून उघडावी लागते, आणि तुम्ही विसरलात तर कॅमेरा पडद्यावर ‘लेन्स उघडा’ असं समजावतो. मोठ्या लेन्सच्या मालकाला असा उपदेश करायची कॅमेऱ्याची हिंमत होत नाही.

वजनाला एके काळी कारण होतं, हे नाकारून चालणार नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते, तेव्हा काचेवर ओलं रसायन पसरून ते सुकायच्या आत फोटो घेऊन धुवावा लागे. बाहेर फोटो काढायचा तर अंधारखोलीच सोबत न्यावी लागे. त्या मंडळींनी ओझं मिरवलं नाही, वाहिलं. सिनेमाच्या नव्हे, स्थिर फोटोच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स आली १९५९ साली, फोइग्टलेंडर कंपनीची ३६-८२ मिमी झूमार, एफ/२.८. तिला जड म्हणण्याचा अधिकार कुणाला नव्हता, कारण तुलनेला दुसरी नव्हतीच. चार वर्षांनी निकॉनची ४३-८६ आली. ती स्वस्त होती, आटोपशीर होती, भरपूर खपली, आणि सरळ रेषा वाकवण्यासाठी पुढची अनेक वर्षं तिचं नाव घेतलं गेलं. किट लेन्सबद्दलचा आजचा तुच्छभाव पुष्कळ अंशी त्या ४३-८६ची वारसाहक्काने आलेली बदनामी आहे. आजोबांच्या कर्जासाठी नातवाला धरावं, तसा हा न्याय. त्यातून ही लेन्स कॅमेऱ्याबरोबर येते. वेगळी घेतली तर महाग पडते, संचात घेतली तर जवळजवळ फुकट. फुकट आलेल्या वस्तूला आपल्याकडे गुण नसतात.

आता लांजीत उभं राहून मोजू. १६-५० लेन्स लहान सेन्सरवर जे दाखवते, ते पूर्ण सेन्सरच्या भाषेत २४ ते ७५ मिलिमीटर. १६ वर ठेवली तर दहा मीटरवरून आडव्या चौकटीत साडेचौदा मीटर रुंदीचा भाग मावतो. किल्ल्याचा बुरुज, त्याला लागून तट, तटावर वाढलेलं झाड आणि झाडाखाली मोटारसायकल लावून बसलेले दोघे, सगळे येतात. ५० वर नेली तर तीन मीटरवरून माणूस कमरेपासून फेट्यापर्यंत भरतो. या दोन टोकांच्या बाहेर लांजीत काय उरतं, याचा विचार केला तर यादी लवकर संपते. आठवडी बाजारातली तराजू धरलेली बाई, श्रावणात कोटेश्वराला लागलेली रांग, मांडवातली पंगत, धानाचे भारे वाहणारी माणसं, सगळी तीन ते दहा मीटरच्या आतच असतात. कारण याहून लांबच्या माणसाशी इथे कुणी बोलत नाही, हाक मारतो. आणि हाकेच्या अंतरावरच्या माणसाचा फोटो काढायचा असेल तर चार पावलं पुढे जाता येतं. मोठ्या लेन्सचे मालक या उपायाला कमीपणा मानतात.

लांजीच्या जुन्या नोंदीचाही इथे विचार करायला हरकत नाही. रतनपूरच्या कलचुरी राजा पहिल्या जाजल्लदेवाच्या इ.स. १११४च्या शिलालेखात त्याला खंडणी देणाऱ्या प्रदेशांची नावं आहेत. त्यांत भाणारा आहे आणि लांजिका आहे. अभ्यासकांनी ही आजची भंडारा आणि लांजी मानली. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या दगडावर गावाची ओळख करदाता म्हणून झाली आहे, आणि ती टाळायला गावाला कुठलीही सबब मिळालेली दिसत नाही. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी कलचुरींचे लेख संपादून १९५५ साली प्रसिद्ध केले. असे लेख वाचायला विद्वान ओला कागद दगडावर दाबून त्याचा ठसा घेतात. त्यात लेन्सच नाही, त्यामुळे एफ/२.८ चा प्रश्न येत नाही. लांजीबद्दलचा सर्वांत भरवशाचा जुना पुरावा ज्या पद्धतीने टिपला जातो, तिला एक बादली पाणी आणि एक ब्रश पुरतो, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

मुख्य मुद्दा दिसण्याचा आहे. मोठी लेन्स रोखली की माणूस बदलतो. लांजीच्या मांडवात जी आत्या दोन तास स्वयंपाक्याशी वादत होती, ती लेन्स दिसताच पदर ओढून, हनुवटी किंचित वर करून, निवडणुकीच्या फलकावर शोभेल असा चेहरा करते. लहान मुलं दोन बोटं वर करतात. मामा पोट आत घेतो आणि फोटो निघेपर्यंत श्वास धरतो. फोकस लागायला वेळ झाला तर त्याच्या चेहऱ्यावरचा त्रास अल्बममध्ये कायमचा उमटतो. अशा फोटोंत माणसं ओळखू येतात, पण ती कशी होती हे कळत नाही. छोटी लेन्स समोर आली की यातलं काहीच घडत नाही, कारण लोकांच्या मते फोटो अजून सुरूच झालेला नसतो. खरा फोटोवाला यायचा आहे, हा कुणीतरी नवरदेवाचा मित्र, मोबाइल सोडून हौसेने कॅमेरा आणलेला. म्हणून आत्या वादत राहते, मामा श्वास घेत राहतो आणि वरमाई ज्या नजरेने आहेराच्या साड्या मोजते, ती नजर जशीच्या तशी सेन्सरवर पडते. ६९५ ग्रॅमच्या लेन्सला ही नजर आयुष्यात दिसणार नाही. त्यासाठी तिला स्वतःला आधी दिसेनासं व्हावं लागेल.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो तो ब्लरचा. मागचं सगळं विरघळून टाकायचं, नवरानवरी तेवढी कोरीव ठेवायची, ही मोठ्या अ‍ॅपर्चरची करामत. किट लेन्सला ती साधत नाही. हे खरं आहे, आणि आकड्यांत सांगता येतं. पूर्ण सेन्सरवर ७० मिलिमीटरला, एफ/२.८ वर, अडीच मीटरवरून फोटो घेतला तर स्पष्टपणाची जाडी सुमारे २० सेंटिमीटर. लहान सेन्सरवर ५० ला, एफ/५.६ वर, तीच जाडी अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. प्रश्न एवढाच की लांजीच्या लग्नात नवरानवरीच्या मागे असतं काय. सिनेमात मागे दिव्यांच्या माळा असतात, डोंगर असतो, समुद्र असतो. मांडवात मागे मामा असतो. त्याच्या बाजूला मोठे जावई असतात, ज्यांना रुसायला मुळातच फार कारण लागत नाही. वीस सेंटिमीटरच्या जाडीत नवरीची नथ मावते, जावई मावत नाहीत. ज्या माणसाने डीजेचे पैसे भरले त्याला धूसर केल्याचं समर्थन कुठल्या भिंगशास्त्राने करणार? लग्नात पार्श्वभूमी नावाची वस्तूच नसते; मागे जे कोणी आहे ते नातेवाईक आहे. आणि चार रांगांचा घरगुती ग्रुप फोटो काढायची वेळ आली की मोठ्या लेन्सचा धनीही मुकाट्याने एफ/५.६ किंवा एफ/८ वर येतो. म्हणजे एवढं वजन उचलून तो शेवटी पोहोचतो कुठे, तर जिथून किट लेन्स सुरू होते तिथे.

दुसरा आक्षेप अंधाराचा, आणि तो जास्त वजनदार आहे. एफ/५.६ पेक्षा एफ/२.८ चौपट उजेड आत घेतं. यात वाद नाही. पण १९५९ साली झूमार घेऊन फिरणाऱ्याच्या कॅमेऱ्यात कोडाक्रोम रंगीत फिल्म असेल तर तिची गती, म्हणजे आजच्या भाषेत आयएसओ, होती १०. आजचा साधा मिररलेस कॅमेरा आयएसओ ३,२०० वर बिनतक्रार काम करतो. चौपटीचा तोटा वजा जाता छोट्या लेन्सवाल्याकडे आज झूमारवाल्याच्या ८० पट सोय शिल्लक राहते. कोटेश्वराच्या गाभाऱ्यात तर अडचण आणखी कमी, कारण देव हलत नाही. या लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात हाताचा कंप सावरणारी यंत्रणा असते. सेकंदाच्या दहाव्या भागाला शटर ठेवून पिंडीचा स्वच्छ फोटो निघतो. हलतो तो भक्त, आणि त्याने हलू नये अशी अपेक्षा तिथे देवाचीही असावी. लग्नाची रात्र मात्र वेगळी. तिथे नाचणारी वरात, वीज कधी आहे कधी जनरेटरवर आहे, आणि एलईडीच्या माळा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. त्या लुकलुकीने इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोभर पट्टे उमटतात. हे पट्टे मोठ्या लेन्सलाही उमटतात, हे सांगताना थोडं समाधान होतं, पण त्याने वरातीतला फोटो सुधारत नाही. वरातीत किट लेन्स हरते. फ्लॅश लावला की बरोबरीत येते.

आणखी एक उणीव इथेच सांगून टाकतो. पॉवर झूमची लेन्स मोटरवर चालते. कॅमेरा सुरू केला की ती आधी बाहेर येते, स्थिरस्थावर होते, मग कामाला लागते. अंतरपाट बाजूला होण्याचा क्षण याहून लवकर संपतो. झूम करतानाही ती आपल्या चालीने जाते. हाताने कडं फिरवून झटक्यात १६ वरून ५० वर जाणं तिला जमत नाही. मंगलाष्टकांच्या आधीच कॅमेरा सुरू ठेवायचा आणि खिशात दुसरी बॅटरी ठेवायची, एवढाच यावर उतारा. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांची संख्या पाहता दुसरी बॅटरी लागतेच.

तिसरा आक्षेप नीतिमत्तेचा आहे. म्हणे ही लेन्स फसवते. तिचं मूळ चित्र १६ वर पाहिलं तर सरळ रेषा पिंपाच्या फळ्यांप्रमाणे बाहेर फुगलेल्या असतात, कोपरे काळवंडलेले असतात. कॅमेरा आतल्या आत ते सरळ करून देतो. हे अगदी खरं आहे. २००८ साली पॅनासोनिकचा पहिला मिररलेस कॅमेरा आला तेव्हापासून ही सोय लेन्सच्या आराखड्यातच धरलेली असते: जी चूक काचेने सुधारायला शंभर ग्रॅम लागतात, ती गणिताने सुधारायची. यात फसवणूक कुठे आहे ते मला दिसत नाही. माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर चित्र उलटं पडतं, जिथून नस बाहेर जाते तिथे काहीच दिसत नाही, आणि कडेला तर सगळं कामचलाऊ असतं. मेंदू हे सगळं सारखं करून देतो आणि आपण साक्ष द्यायला कोर्टात जातो. राहिला प्रश्न सरळ रेषांचा. लांजीच्या किल्ल्याच्या तटात झाडांनी मुळं घातली आहेत, शतकानुशतकांच्या पावसाने चिरे सरकवले आहेत. त्या तटातली कुठली रेषा मुळात सरळ होती आणि कुठली लेन्सने वाकवली, हे ठरवायला बसलं तर दोष बांधणाऱ्याच्या नावे निघायचा. नातेवाइकांबद्दल मात्र सावध राहावं. १६ वर ग्रुप फोटो घेतला की कडेला उभे असलेले काका रुंदीने वाढतात, आणि ही वाढ कॅमेऱ्याच्या आतल्या दुरुस्तीने जात नाही. काकांना मध्ये घ्यावं किंवा आपण मागे सरकून लेन्स २५ वर न्यावी. मागे सरकणं सोपं.

ज्याला फोटोच महत्त्वाचा आहे, तो विचारेल की मग मोबाइल का नको? तोही लहान, तोही न दिसणारा. हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण तो निम्मा बरोबर आहे. लेन्सच्या फोकल लांबीला एफच्या आकड्याने भागलं की उजेड आत यायच्या खिडकीचा व्यास मिळतो. मोबाइलच्या मुख्य भिंगाची खरी फोकल लांबी ७ मिलिमीटरच्या आसपास, एफ/१.८, खिडकी चार मिलिमीटरहून किंचित लहान. किट लेन्स १६ वर, एफ/३.५ला ४.६ मिलिमीटर. म्हणजे रुंद फोटोत दोघांत फारसं अंतर नाही, आणि मोबाइल दहाबारा फोटो एकमेकांत मिसळून तेही भरून काढतो. पण लेन्स ५० वर नेली की खिडकी ८.९ मिलिमीटरची होते, क्षेत्रफळ मोबाइलच्या पाचपट. चेहरा टिपायचा तो इथेच. शिवाय मोबाइल आता न दिसणारा राहिलेला नाही. मांडवात शंभर मोबाइल एकदम वर होतात आणि त्यामागे नवरानवरी दिसत नाहीत, मोबाइलच्या पडद्यांवर शंभर नवरानवऱ्या दिसतात. राहता राहिला दर्जा, तर २४ मेगापिक्सेलचा फोटो शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या दर्जात जातो तेव्हा त्याचे दोन मेगापिक्सेलही उरत नाहीत. अल्बमच्या एका पानावर गुलाबाच्या पाकळ्या, दोन हंस आणि आठ फोटो अशी मांडणी असते. कोपऱ्याकोपऱ्यातली तीक्ष्णता मोजणाऱ्याने आधी त्या हंसांचं काय ते पाहावं.

कान्हाचा प्रश्न येणारच होता. मुक्कीचं प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यात आहे, आणि ५० मिलिमीटरने वाघ काढणार का, असं विचारून लोक हसतात. काढता येतो. ३० मीटरवर आडवा उभा असलेला पावणेतीन मीटरचा वाघ चौकटीच्या रुंदीचा जवळजवळ पाचवा भाग व्यापतो. उरलेल्या चार भागांत सालवृक्ष असतात, वाट असते आणि चार जिप्सी असतात, ज्यांत प्रत्येक जण दुसऱ्याच्या डोक्यावरून लेन्स काढतो आहे. मोठ्या टेलीलेन्सने काढलेला वाघाचा चेहरा कान्हाचा आहे की एखाद्या प्राणिसंग्रहालयातला, हे सांगायला खाली नाव लिहावं लागतं. किट लेन्सच्या फोटोत जंगल कुठलं, ऋतू कुठला आणि वाघाला किती गर्दी सहन करावी लागते, हे सगळं येतं. फक्त वाघ लहान येतो. त्याच्या मिशा मोजायच्या असतील तर ही लेन्स निरुपयोगी आहे, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. मिशा मोजण्याची लांजीकरांना सहसा गरज पडत नाही.

सगळ्यांत अवघड आक्षेप ज्याचं पोट या धंद्यावर आहे त्याचा. तो म्हणतो, तुमचं गणित बरोबर असेल, पण चकती लावून गेलो तर गिऱ्हाईक ठरलेल्या रकमेतले निम्मे पैसे कापतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण गिऱ्हाईक त्याच्या जागी बरोबर आहे. त्याने फोटोंचे पैसे दिलेलेच नसतात. फोटो त्याच्याकडे पाहुण्यांनी मोबाइलवर पाठवलेले ढिगाने असतात. त्याने पैसे दिलेले असतात ते व्याह्यांनी मोठी लेन्स पाहावी म्हणून. मिरवणुकीतला घोडा जसा कुठे पोहोचण्यासाठी आणलेला नसतो, तशीच ती लेन्सही काही पाहण्यासाठी आणलेली नसते. तेव्हा धंदेवाल्याने मोठी लेन्स विकू नये. ती दुसऱ्या कॅमेऱ्यावर चढवावी, हूड लावावं आणि मदतनीस पोराच्या गळ्यात द्यावी. त्याने वरातीपुढे उलटं चालावं. आमदार आले की त्यांच्यावर ती रोखून तीनदा खटका दाबावा. आत कार्ड नसलं तरी चालेल, फक्त फ्लॅश उडायला हवा. सगळा मांडव त्या दिशेला बघून हनुवट्या वर करत असताना मालकाने ११६ ग्रॅम घेऊन मागच्या दाराने स्वयंपाकाकडे जावं, जिथे आत्या अजून वादते आहे. आणि बिलावर ‘२४-७० एफ/२.८ ने छायाचित्रण’ असं ठळक अक्षरांत लिहून पूर्ण रक्कम मागावी.